पोटातलं क्रियापद

बहारीनमध्ये समुद्र मागे हटवायचा तर दगडमातीचा भराव घालावा लागतो, वर्षानुवर्षं यंत्रं घरघरतात, तेव्हा कुठे जमिनीची एक पट्टी वर येते. हे काम माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे दिलं असतं तर त्यांनी किनाऱ्यावर उभं राहून "सरक की जरा मागं" एवढंच म्हटलं असतं आणि समुद्र मुकाट सरकला असता. हे मी कौतुकाने म्हणते की तक्रारीने, ते एवढी वर्षं त्यांच्या सावलीत काढूनही मला ठरवता आलेलं नाही. लग्न होऊन मी इथे पहिल्यांदा उतरले, तेव्हा विमानतळावर घ्यायला त्याच आल्या होत्या. माझे मोठे दीर बाजूला फुलांचा गुच्छ घेऊन उभे होते. जाऊबाईंनी माझ्या डोळ्याखालची कातडी अंगठ्याने ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "रक्त कमी आहे गं हिच्यात. चल." स्वागत संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोहाच्या गोळ्या घरपोच आल्या, आणि त्या मी घेते की नाही हे विचारायला फोनही आला.

त्या पोटाच्या सर्जन. माहेर कोल्हापूरचं, शिक्षण मुंबईचं, आणि बोलणं मात्र ना शिक्षणाने सुधारलेलं ना आखातात राहून बिघडलेलं. इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात त्यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं काढली. इथे कुठलंही काम अडलं की समोरचा माणूस हसून "इंशाल्ला" म्हणतो आणि बाकीचे लोक समजून घरी जातात. जाऊबाई म्हणायच्या, "इंशाल्ला तर आहेच. पण किती वाजता?" सनद भागातल्या त्यांच्या व्हिलासमोरचा रस्त्यावरचा दिवा गेला, तेव्हा ऑपरेशनला जाण्यापूर्वी रोज सकाळी त्या संबंधित ऑफिसला फोन करायच्या. शेवटी तिथला अधिकारी स्वतः आला, दिवा लावून घेतला आणि जाताना आपला हर्नियाही दाखवून गेला. मासळीबाजारात त्या हामूर विकत घेताना कल्ल्यात बोटं घालून, मेलेल्या माशाची नाडी पाहावी तसं, असं काही निदान करायच्या की मासेवाला त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचा. त्यांना अर्धवट सोडलेली गोष्ट सहन होत नसे. ताटातला भात असो, वाक्य असो, की दुसऱ्याचं भांडण असो. माझे दीर बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पण घरात बोलताना ते क्रियापदापर्यंत कधी पोचल्याचं मला आठवत नाही. "मी जरा..." एवढं ते म्हणायचे आणि पुढचं जाऊबाई करून टाकायच्या.

तर अशा या बाईंच्या आयुष्यात एक ग्रीक क्रियापद शिरलं ते एका पित्ताशयातून. पित्ताशय अदलिया भागात राहणाऱ्या एका मल्याळी पास्टरांचं होतं. खड्यांनी भरलेलं. ते जाऊबाईंनी काढलं. भुलीतून बाहेर येताना माणसं काहीबाही बरळतात, पण पास्टरांनी डोळे उघडून अगदी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "डॉक्टर, आज तुम्ही माझ्या स्प्लांख्नाला हात लावलात." जाऊबाई चमकल्या. पोटातल्या आतड्यांकडे जाणाऱ्या नसांना वैद्यकात 'स्प्लँक्निक' म्हणतात, हे त्या पंचवीस वर्षं घोकत आणि कापत आल्या होत्या. पास्टरांनी उशीवरूनच खुलासा केला. 'स्प्लांख्ना' म्हणजे ग्रीक भाषेत पोटातली आतडी-काळीज वगैरे, आणि त्यावरून बायबलच्या नव्या करारात एक क्रियापद येतं, 'स्प्लांख्नीझोमाय'. दुसऱ्याचं दुःख पाहून आपल्या आतड्यांना जे होतं, ते. कोरडं 'दया करणे' नव्हे. आतून ढवळून निघणं.

संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या त्या चपला काढायच्या आधीच बोलत. "अगं, एवढी वर्षं मी या शब्दाला चाकू लावते आहे, आणि त्याचं क्रियापदही होतं हे मला एकाही माणसानं सांगू नये?" जणू घरातल्या माणसाचं लग्न झालं आणि यांना आमंत्रण नव्हतं. मी म्हटलं, "ताई, चहा घेता?" त्या म्हणाल्या, "शुक्रवारी त्यांचा ग्रीकचा वर्ग असतो. मी नाव घातलं."

घरात मोठी गंमत झाली. दीर हबकले. आम्ही सगळे गणपती बसवणारी माणसं, सत्यनारायण घालणारी, आणि घरची मोठी सून शुक्रवारी सकाळी पास्टरांच्या व्हिलात बसून आल्फा-बीटा गिरवणार! पण जाऊबाईंच्या पुढे कोण बोलणार? "मी धर्म बदलायला चालले नाही, धातू शोधायला चालले आहे," असं म्हणून त्या गाडी काढत. माझ्या मुलाला त्या क्रियापदाचा उच्चार इतका आवडला की तो बाथरूममध्ये बादली ओतताना मोठ्याने "स्प्लांख्नी" ओरडायचा. दीरांना तो शेवटपर्यंत जमला नाही. ते त्याला "तुझं ते स्प्लॅश" म्हणत.

वर्गात पाचसहा जण असत. त्यातले एक सखीरच्या विद्यापीठात अकाउंटिंग शिकवणारे पुण्याचे प्राध्यापक. तेही आमच्यासारखेच, गणपतीवाले. लहानपणी संस्कृत केलेलं, म्हणून निव्वळ व्याकरणाच्या ओढीने ग्रीक शिकायला आलेले. बायको पुण्याला आपल्या आजारी आईपाशी, मुलगी परदेशी. इथे हे एकटे, इस्त्रीचा शर्ट आणि इस्त्रीचंच मराठी. पहिल्याच दिवशी जाऊबाई म्हणाल्या की स्प्लांख्ना म्हणजे आतडी, तर हे चष्मा पुसत म्हणाले, "केवळ आतडी नव्हेत, डॉक्टर. हृदय, यकृत, फुप्फुसं, सारीच आंतरेंद्रियं. जुने ग्रीक लोक बळी दिल्यावर ती भाजून खात असत." जाऊबाई म्हणाल्या, "मग कोल्हापुरात आम्ही रविवारी हेच करतो. वजडी म्हणतात त्याला." प्राध्यापक शुद्ध शाकाहारी. त्यांना चहा घशाखाली उतरेना. त्या दिवसापासून त्या दोघांमध्ये जे जुंपलं, ते पास्टरांनी आपल्या परीने आवरायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. "आप दोनों लड़ते हैं, तो बाकी लोग का ग्रामर पक्का होता है," असं ते मला एकदा म्हणाले.

भांडण कशावरून? या क्रियापदाला मराठी शब्द कोणता, यावरून. प्राध्यापकांचं म्हणणं, मराठी बायबलात 'कळवळा येणे' असं दिलं आहे आणि ते उत्तम आहे. जाऊबाईंचं म्हणणं, उत्तम असेल, पण एका शब्दाचं क्रियापद पाहिजे. मग 'कळवळणे' घ्या. "छे! कळवळला म्हणजे स्वतःचं दुखलं म्हणून. माझे पेशंट रोज कळवळतात, दुसऱ्यासाठी नव्हे." मग 'द्रवणे'? "मेणबत्तीपण द्रवते." 'गहिवरणे'? "ते मराठी मंडळाचे अध्यक्ष भाषणात करतात." 'हेलावणे', 'गलबलणे' हे शब्द तर त्यांनी तपासायलाही घेतले नाहीत. "हे सगळे गळ्याच्या वरचे आजार आहेत. मला पोटातला शब्द पाहिजे." आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मराठी माणूस सगळं काही पोटातच करतो. आतडं तुटतं पोटात, कालवतं पोटात, भीतीचा गोळा पोटात, दुसऱ्याचं बरं झालं की दुखतं तेही पोटात, आणि कुणाचा अपराध क्षमा करायचा तर तोही पोटात घालतात. हे कळल्यावर त्यांना एवढा अभिमान वाटला की ऑपरेशन चालू असताना त्यांनी भूल देणाऱ्या लेबनीज डॉक्टरांना सगळे वाक्प्रचार इंग्रजीत समजावले. ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या देशात पोटरोग फार असतील."

"त्या भाषांतरकारांनी आतडं कधी हातात घेतलेलं नाही," असं त्या मला भेंडी चिरता चिरता सांगायच्या. "अगं, ते आपल्या मनानं सरकतं. तू नुसता हात लाव, ते आवरून घेतं, वळतं, पुढे जातं. तुला विचारत नाही. तसं आहे हे क्रियापद. दया आपण करतो. हे होतं."

ही गोष्ट, म्हणजे हे क्रियापद माणसाला 'होतं', तो ते 'करत' नाही, हे त्यांना व्याकरणातून प्राध्यापकांनीच दाखवलं होतं. आणखीही एक गोष्ट त्यांनी दाखवली. हे क्रियापद जिथे जिथे येतं, तिथे वाक्य तेवढ्यावर थांबत नाही. वाटेत लुटून टाकलेला माणूस एका परक्याला दिसतो, त्याला हे होतं, आणि लगेच तो जवळ जातो, जखमा बांधतो, तेल घालतो, आपल्या जनावरावर बसवतो. घर सोडून गेलेला मुलगा लांबून येताना बापाला दिसतो, बापाला हे होतं, आणि म्हातारा धावत सुटतो. कुष्ठरोग्यापाशी हे होतं आणि हात पुढे जातो. उपाशी गर्दीपाशी हे होतं आणि पंगत बसते. पहिल्या क्रियापदामागे दुसरं असतंच.

प्राध्यापकांनी हे एक निरीक्षण म्हणून सांगितलं. जाऊबाईंनी त्याचा कायदा केला. घरात कुणी "अरेरे", "बिचारा", "फार वाईट वाटलं" म्हणायची सोय राहिली नाही. लगेच प्रश्न यायचा, "बरं. आणि पुढं काय केलंस?" एकदा दीर टीव्हीवर पुराच्या बातम्या पाहत "च् च्" म्हणाले, तर त्यांना उठून तेव्हाच बँकेतून मदत पाठवावी लागली, आणि ती पोचल्याचा निरोप येईपर्यंत जेवण वाढलं गेलं नाही. मग संक्रांतीचं हळदीकुंकू झालं मंडळाचं. तिथे एक बाई तिळगूळ देता देता सांगत होत्या की त्यांच्या शेजारणीच्या नवऱ्याची नोकरी गेली, व्हिसा संपत आला, दोन लेकरं, फार वाईट वाटतं हो. जाऊबाईंनी वाण हातात घेऊन सगळ्यांसमोर विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?" बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. जाऊबाईंनी मात्र तिथेच त्या शेजारणीचा नंबर घेतला, दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बोलावलं, आपल्या तीन पेशंटांना फोन केले आणि आठवड्याच्या आत त्या माणसाला नोकरी लागली. काम झालं. पण ज्या बाईला वाईट वाटलं होतं, ती पुन्हा आमच्या कुणाच्या हळदीकुंकवाला आली नाही.

हे वर्गात कळलं. बहारीन एवढंसं, इथे शिंक आली तर पलीकडच्या टोकाला कुणी तरी "सत्य आहे" म्हणतं. प्राध्यापकांनी त्या शुक्रवारी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, एक बोलू? तुमची दुसरी क्रियापदं सगळी उत्तम आहेत. जाणं, बांधणं, उचलणं. पण पहिलं तुम्हाला होतं का कधी? मला शंका आहे."

मी त्या दिवशी तिथे होते. माझी गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून त्यांच्याबरोबर आले होते, आणि मागे बसून बिस्किट खात होते. ते बिस्किट हातातच राहिलं.  जाऊबाईंनी पुस्तकं गोळा केली, पर्स घेतली. "माझं काम टाके घालायचं आहे, रडायचं नव्हे. चल गं." गाडीत त्यांनी एसी इतका वाढवला की माझी बोटं गार पडली. सिग्नलपाशी त्या म्हणाल्या, "रोग्याबद्दल वाटून घेतलं तर हात थरथरतो. त्याला कुठलं कळणार, हिशेब शिकवणाऱ्याला!"  वर्गाला जाणं बंद झालं.

उन्हाळा सुरू झाला होता. एका शुक्रवारी सकाळी पास्टरांचा फोन आला. प्राध्यापक वर्गात बसल्या बसल्या कोसळले होते. दोनतीन दिवस पोट दुखत होतं म्हणे, पण पुण्याचा माणूस, स्वतःच निदान करून बसला, "पित्त आहे", आणि सोलकढी पीत राहिला. पास्टर त्यांना आपल्या गाडीत घालून हॉस्पिटलात घेऊन निघाले होते. सुट्टीचा दिवस, ड्यूटीवर दुसरा सर्जन होता. जाऊबाई आमच्याकडे न्याहारीला आल्या होत्या. थालीपीठ तव्यावर होतं. त्या उठल्या, आणि दुसरा सर्जन काय सांगतो हे फोनवर ऐकत ऐकतच गाडीत बसल्या.

आतड्याला पीळ बसला होता. उघडून पाहिलं तर बराचसा भाग काळा पडलेला. तो कापून काढला आणि दोन निरोगी टोकं शिवली. ऑपरेशन लांबलं. मी आणि पास्टर बाहेर बाकड्यावर होतो. त्यांनी डोळे मिटलेले, मी थालीपिठांचा डबा धरून बसलेली. जाऊबाई बाहेर आल्या, टोपी काढली, आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "झालं. आता ते आतडं चाललं पाहिजे."

पण ते चालेना. पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी रुसल्यासारखी गप्प पडून राहतात आणि एकदोन दिवसांत पुन्हा हलायला लागतात. कानाला नळी लावून पोटात गुरगुर ऐकू आली, वारा सरला, की सर्जनचा जीव भांड्यात पडतो. प्राध्यापकांच्या पोटात काहीच ऐकू येईना. पोट फुगत चाललं, नाकात नळी, तोंडाला कोरड. जाऊबाई दिवसातून किती वेळा यायच्या ते त्या मजल्यावरच्या नर्सनाच माहीत. येऊन पहिला प्रश्न एकच, "वारा सरला का?" त्या गृहस्थांनी जन्मात 'अपानवायू' यापलीकडे शब्द वापरला नसेल. आता पास्टर, दोन मल्याळी नर्सेस, मी, आणि व्हिडिओ कॉलवर पुण्याहून त्यांची बायको, एवढ्या सगळ्यांसमोर हा प्रश्न. ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा क्षीण आवाजात म्हणाले, "डॉक्टर, निदान संस्कृतात विचारा." जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही आधी मराठीत सोडा, मग संस्कृतात बोलू."

त्यांची बायको व्हिसासाठी धडपडत होती. तिकडे तिची आई अंथरुणाला खिळलेली. रोज जाऊबाईच तिच्याशी बोलायच्या आणि बोलताना भिंतीकडे तोंड करायच्या. मला त्यांनी सांगितलं, उद्यापर्यंत काही झालं नाही तर पोट पुन्हा उघडावं लागेल, शिवलेल्या जागी काही सुटलं असेल तर. "आणि पुन्हा उघडलं तर?" असं मी विचारलं. त्या चार्ट उचलून वॉर्डात गेल्या. त्या घरी जाईनाशा झाल्या. ऑपरेशन थिएटर, वॉर्ड, पुन्हा थिएटर. दीर कपडे आणून द्यायचे आणि "मी जरा..." म्हणून दारातच उभे राहायचे.

त्या सकाळी मी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले. पास्टर आधीच आले होते. प्राध्यापक पडून होते, रंग मातीसारखा. जाऊबाई खुर्ची ओढून बसल्या होत्या. वॉर्डात त्या बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. स्टेथोस्कोप प्राध्यापकांच्या पोटावर टेकवलेला, डोळे मिटलेले, मान खाली, जणू दाराला कान लावून आत कुणी आहे का ते ऐकत आहेत. खोलीत एसीचाही आवाज मोठा वाटत होता. आणि एकाएकी लांबलचक, स्वच्छ, विहिरीत घागर बुडावी तशी गुरगुर झाली. आम्हा सगळ्यांना ऐकू आली. जाऊबाईंनी डोळे उघडले. त्यांचं तोंड एवढं उजळलेलं मी त्यांच्या लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "आलं!" त्या ओरडल्या. "आलं गं! ऐकलंस का?"

प्राध्यापकांनी सलाइन लावलेला हात उशीवरून थोडा उचलला. "डॉक्टर," ते म्हणाले, "ते तुमचं आहे."

जाऊबाई बघतच राहिल्या. आदल्या दिवसापासून त्यांनी अन्नाचा कण घेतला नव्हता, आणि पोट आता सगळ्यांसमोर बोलत होतं. त्यांनी स्टेथोस्कोप काढला, आपल्याच पोटाकडे पाहिलं. पुन्हा गुरगुरलं. आधी पास्टर हसले, मग मी, मग नर्स. प्राध्यापकांनाही हसू आलं, आणि हसताना टाके ओढले म्हणून त्यांनी उशी पोटाशी धरली आणि ते कळवळले आणि तरी हसतच राहिले. जाऊबाई खोलीबाहेर गेल्या.

मी डबा घेऊन मागोमाग गेले. त्या जिन्यापाशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं असतं हे त्यांच्या गावी नव्हतं. मी म्हटलं, "ताई, दोन घास खाऊन घ्या."

"अगं, हा माणूस मरता कामा नये," त्या म्हणाल्या. "इतके रोगी झाले. काही गेले. मी घरी येऊन जेवले. जेवावंच लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी काम होत नाही. पण या भांडकुदळ माणसाचं..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. आपला हात पुढे धरून पाहत म्हणाल्या, "हात नाही थरथरला माझा. पोट थरथरतंय."

मग त्यांनी तोंड धुतलं, डबा उभ्याने संपवला, डब्यात मीठ कमी आहे असं मला सांगितलं आणि आत गेल्या. प्राध्यापकांना दोन्ही काखांत हात घालून उठवलं. ते नाही नाही म्हणत होते. "नाही म्हणायचं नाही. चालायचं. तुम्ही चाललात की ते चालेल. यल्ला." एका बाजूने पास्टर, एका बाजूने त्या, मागे सलाइनचा स्टँड ढकलत मी, अशी वरात त्या मजल्यावरून निघाली. परत आल्यावर थोडी विश्रांती, की पुन्हा वरात. दुपारी चौथ्या का पाचव्या फेरीत, फार्मसीच्या खिडकीसमोर, पुण्याच्या त्या सुसंस्कृत गृहस्थांकडून व्हायचं ते झालं. खणखणीत. खिडकीतल्या फिलिपिनो मुलीने दचकून वर पाहिलं. प्राध्यापक शरमेने लाल झाले. जाऊबाईंनी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं "शाब्बास!" म्हटलं आणि तिथल्या तिथे फोन काढून आधी पुण्याला, मग दीरांना बँकेतल्या मीटिंगमध्ये ही बातमी सांगितली. दीर नंतर सांगत होते की फोनचा स्पीकर चालू होता आणि मीटिंगमध्ये एक शेख बसले होते. त्यांना अर्थ सांगितला, तेव्हा ते "अल्हम्दुलिल्ला" म्हणाले.

हॉस्पिटलातून सुटल्यावर प्राध्यापकांना एकट्याला सखीरच्या क्वार्टरमध्ये पाठवायला जाऊबाईंनी साफ नकार दिला. सनदच्या व्हिलात पाहुण्यांच्या खोलीत त्यांची रवानगी झाली. मऊ भात, पेज, ताक, आणि अंगणात फेऱ्या. भांडणं पुन्हा सुरू झाली, आणि तेच बरं होण्याचं लक्षण होतं. एकदा मी गेले तेव्हा ते म्हणत होते, "मी विचार केला, डॉक्टर. कळवळणे हेच ठेवा. स्वतःचं दुखणं आणि दुसऱ्याचं, दोन्हीला आपल्याकडे एकच धातू आहे, हा मला दोष वाटत होता. आता वाटत नाही."

"पेज गार व्हायला लागली," जाऊबाई म्हणाल्या.

"तुमचं मत?"

"पोटात तुटणे. दोन शब्दांचं आहे, असू दे. तुम्ही आधी प्या."

तो वाद कधीच मिटला नाही. प्राध्यापकांची बायको अखेर आली. छोटीशी, मृदू बोलणारी बाई. तिने जाऊबाईंचे दोन्ही हात धरले. जाऊबाईंनी तिच्या डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली. सेमिस्टर संपताना प्राध्यापकांनी राजीनामा दिला आणि ती दोघं पुण्याला गेली. विमानतळावर ती आत दिसेनाशी झाल्यावर मी म्हटलं, "चला ताई, पार्किंगचे पैसे वाढतील." त्या म्हणाल्या, "थांब की जरा." आम्ही बराच वेळ तिथे थांबलो. लोक ट्रॉल्या घेऊन आमच्या बाजूने वळून जात होते.

मग जाऊबाईंचीही जायची वेळ आली. निवृत्ती, व्हिसा रद्द, सामानाची बांधाबांध. दोघांनी कोल्हापूरला जायचं असं जाऊबाईंनी ठरवलं, आणि एकदा ठरवल्यावर त्यांनी आठवडाभरात बहारीनमधलं एवढ्या वर्षांचं घर खोक्यांत भरलं. जायच्या दिवशी माझा फ्रिज उघडून त्यातल्या चार वस्तू कचऱ्यात टाकल्या. सिक्युरिटीपलीकडे गेल्यावर त्यांनी वळून पाहिलं नाही. मी गाडीपाशी पोचते तोच फोन वाजला. "गाडी सावकाश चालव," त्या म्हणाल्या. त्यांनी मला आयुष्यात कधी सावकाश काही कर म्हणून सांगितलं नव्हतं.

यंदा रमजानात सनदच्या व्हिलाच्या किल्ल्या मालकाला द्यायला मी गेले होते. संध्याकाळ होत होती. शेजारच्या घरातली म्हातारी बहारीनी बाई झाकलेलं भांडं घेऊन बाहेर आली. गहू आणि मटण एकजीव होईपर्यंत घोटून हरीस करतात रमजानात, ती दरवर्षी जाऊबाईंना द्यायची. तिने माझ्या मागे पाहिलं, बंद खिडक्यांकडे पाहिलं. "वेन दख्तोरा?" तिने विचारलं. डॉक्टरीण कुठे आहे?

मी हाताने विमान करून दाखवलं. "खलास," म्हटलं. "इंडिया."

म्हातारी भांडं तसंच हातात धरून उभी राहिली. मशिदीतून बांग सुरू झाली, घराघरांत उपास सुटायला लागले. तिने ते भांडं माझ्या हातात दिलं, माझ्या गालाला हात लावला आणि आत गेली. भांडं गरम होतं. मी ते ओढणीत गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवलं, आणि सांडू नये म्हणून घरी येईपर्यंत एक हात त्याच्यावर ठेवून गाडी चालवली.